पाचांबरोबर निघा, एकट्यानं राहा

पासपोर्ट घरी ठेवा. फोन, चार्जर, प्रवासविमा, कार्डावरचे परकी पैसे, सगळं घरी. जिथं जायचंय तिथं यातलं काही चालत नाही. दोन जाड स्वेटर घ्या, सुईदोरा घ्या, शेंगाचटणीचा एक डबा घ्या. गाव आपलंच, सोलापूर. साल 1938, महिना ऑगस्ट.

सोलापूर

तुम्ही पोचता तेव्हा पुरतं उजाडलेलं नाही, पण गाव उठलंय, कारण गिरणीचा भोंगा झालाय. पहिल्या पाळीचे लोक डबा काखेत मारून झपाझप निघालेत. एक जण तेलुगूत शिव्या घालतो, दुसरा कन्नडमध्ये त्याला उलट बोलतो, तिसरा दखनीत दोघांची समजूत घालतो आणि मुकादम मराठीत तिघांनाही आत हाकलतो. हे कान देऊन ऐकून ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

पहिला घोटाळा चहाच्या दुकानात होतो. सवयीनं तुम्ही खिशातलं दहा रुपयांचं नाणं फळीवर ठेवता. दुकानदार ते उलटंपालटं करतो. राजाचं तोंड नाही, उर्दू अक्षर नाही. शेजारच्या निजामाच्या मुलखातला हाली सिक्का त्याला ओळखीचा आहे, पण हे काहीतरी तिसरंच.

“हे कुठल्या संस्थानचं बे?”

उत्तर देऊ नका. चहा फुकटात सुटतो, पण बाकावरचे चौघे तुमच्याकडं वळून बघायला लागतात, आणि या गावाला तसं बघायचं कारण आहे. आठ वर्षांपूर्वी इथं मार्शल लॉ लागला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. नवखा माणूस चौकशा करत फिरायला लागला की सोलापूरकर आधी त्याचे जोडे बघतो आणि मग बोलायचं की नाही ते ठरवतो. तुमच्या पायात स्पोर्ट शूज आहेत. लवकर निघा.

आपण ज्याला आज भैय्या चौक म्हणतो, तिकडं चला. कोटणीसांचं घर तिथलं. शांताराम कोटणीसांचा मुलगा द्वारकानाथ हा 10 ऑक्टोबर 1910 चा, म्हणजे अजून अठ्ठावीसही पुरे नाहीत. परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालाय आणि आता चीनला निघालाय. गेल्या वर्षी जुलैत जपाननं चीनवर चढाई केली. तिथल्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडं डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी जमली, आणि पाच जण ठरले: स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले अलाहाबादचे डॉ. मोहनलाल अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस.

मुदत साधारण एक वर्षाची. घरी सांगताना ‘एकच वर्ष’ म्हणायची पद्धत तेव्हाही होती.

रेल्वे, बोट, चटणी

रात्रीची गाडी पकडा. खिडकीशी बसायचा मोह आवरा, कारण पुण्यापर्यंत इंजिन कोळशाचं आहे आणि कुर्डुवाडीच्या आतच डोळ्यात कण जातो. पुण्यानंतर घाटात विजेचं इंजिन लागतं आणि तुमचा एक डोळा तेवढ्यापुरता उघडतो.

1 सप्टेंबर 1938 ला मुंबईच्या धक्क्यावरून पी. अँड ओ. कंपनीची ‘राजपुताना’ सुटते. हार, घोषणा, हात हलवणारी गर्दी. पाचही डॉक्टर कठड्याशी उभे आहेत, बरोबर औषधांच्या पेट्या. या घटकेला कोण किती दिवस टिकेल हे त्यांच्या तोंडाकडं बघून कोणीही सांगू शकणार नाही. निरोप घेताना सगळीच माणसं सारखी दिसतात.

बोट लागणं हा आजार सोलापूरकराच्या कल्पनेत बसत नाही. ज्यानं पाणी बघितलं ते सिद्धेश्वर तळ्याचं, त्याला अख्खी जमीनच झुलायला लागल्यावर काय करावं कळत नाही. तुम्ही दोन दिवस आडवे. तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडता तर चटणीच्या डब्याचं झाकण निसटलेलं. दोन्ही स्वेटर, टॉवेल, आतले कपडे, सगळ्यांना शेंगदाण्याचं तेल आणि लसूण. पुढं वर्षभर त्या स्वेटरला सोलापूरचा वास येत राहतो, आणि कधीतरी थंडीत गोधडीखाली तोंड घालून तुम्ही तो मुद्दाम हुंगता.

17 सप्टेंबरला कँटन. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग पथकाच्या स्वागताला आहेत. स्वागत म्हणजे जेवण आणि जेवण म्हणजे काड्या. शेंगदाणा उचलायला जाल तर तो सुटून शेजाऱ्याच्या मांडीवर पडेल. वाडगा तोंडाशी नेऊन खाल्लं तरी इथं कोणी नावं ठेवत नाही, उलट तीच रीत आहे. पण हे तुम्हाला कोणी सांगत नाही आणि तुम्ही अर्धपोटी उठता.

तिथून हांकौ. डॉक्टर जखमींच्या कामाला लागतात. भोंगा होतो आणि तुम्ही सवयीनं म्हणता, पाळी सुटली. आजूबाजूला कोणीच उरलेलं नाही हे उशिरा लक्षात येतं. इथला भोंगा विमानांचा आहे. यानंतर कधीही भोंगा ऐकला की पाय आधी हलतात, डोकं मागून.

ऑक्टोबर संपायच्या आत कँटनही पडतं आणि हांकौही. पथक यांगत्सी नदीनं वर वर सरकत यीचांग करून चुंगकिंगला जातं.

चुंगकिंग: परत फिरायचं पहिलं स्टेशन

चुंगकिंगला रस्ते कमी, पायऱ्या जास्त. नदीवरून वर गावात जायचं तर शेकडो पायऱ्या, आणि हिवाळ्यात धुकं असं की खालची पायरी दिसत नाही. लोक त्या धुक्यावर खूश आहेत, कारण तेवढे दिवस विमानं येत नाहीत. तुम्ही मात्र घसरून पडता. गुडघा फुटतो.

इथलं जेवण तिखट म्हणून तुम्ही आधी खुशीत असता. सोलापूरच्या माणसाला तिखटाचं काय कौतुक! पण दोन घासांनी ओठ बधिर होतात, जीभ कोणी काढून नेल्यागत. घाबरू नका. ते मिरचीचं काम नव्हे. कोकणात माशाच्या आमटीत तिरफळं घालतात ना, त्याच्याच जातकुळीतलं हे फळ. मिरचीशी झुंजायची सवय तुम्हाला आहे, पण हे झुंजतच नाही, गुंगी देऊन पाडतं.

शांतिनिकेतनात चीना भवन उभं करणारे तान युन-शान इथं भेटतात. ते पाचही डॉक्टरांना चिनी नावं देतात आणि प्रत्येकाच्या नावाअखेरी चीनचं ‘हुआ’ लावतात. कोटणीसांचं नाव होतं के दिहुआ.

आणि इथंच सोलापूरची बातमी येते. वडील गेले.

त्या दिवशी त्यांच्या खोलीकडं जाऊ नका. जे माहीत आहे तेवढं पुरे: येनानला निघायची तयारी चालू होती, परत जायची वाट मोकळी होती, तशी ती धरली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं. थोरल्या प्रवासात पहिली अडचण येते ती अशी, घरून येते. परदेशात राहणाऱ्या कोणालाही विचारा. रात्री-बेरात्री फोन वाजला की आधी काळजात काय होतं ते त्याला माहीत असतं. इथं फोनही नाही. पत्र हातात पडेपर्यंत घरचे दिवसवार होऊन गेलेले असतात.

जानेवारी 1939 मध्ये पथक उत्तरेला निघालं. कोटणीस त्यात होते.

येनान: पाचाचे तीन

शिआनपर्यंत आणि पुढं ट्रक. ट्रक म्हणजे सामानावर बसलेली माणसं, त्यांच्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर बर्फ. तुमचे दोन स्वेटर इथं पातळ पंचासारखे निरुपयोगी. पाण्याची बाटली वाजत नाही म्हणून बघता तर आत दगड झालाय. सोलापूरला पाणी आटतं हे माहीत होतं, पाणी गोठून बाटली फोडतं हे नवीन.

12 फेब्रुवारी 1939 ला येनान. नोव्हेंबरातल्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव सपाट झालंय, म्हणून माणसं डोंगराच्या पिवळ्या मातीत कोरलेल्या घरांत राहतात. दवाखानाही तसाच. भिंत माती, छत माती, पुढं लाकडी चौकट आणि तिला काचेऐवजी कागद. तुम्ही उजेड यावा म्हणून त्या कागदाला बोटानं भोक पाडता आणि रात्रभर त्याच भोकातून वारा येतो. सकाळी शेजारीण खळ आणून ठिगळ लावते. एक अक्षर बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

झोपायला ‘कांग’, म्हणजे विटामातीचा ओटा, आतून चुलीची धग फिरवलेला. मधोमध झोपलात तर पाठ भाजते, कडेला झोपलात तर पाय गारठतात. बरोबर जागा कोणती हे प्रत्येकाला एक गोधडी करपवूनच कळतं. उवा फुकट. प्यायला पाणी मागाल तर ऐन उन्हाळ्यातही कढत मिळेल. शहाणपणा करून झऱ्याचं गार पाणी प्याल तर तीन दिवस शेतात पळत राहाल. मीठ आणि तंबाखू यांचे शब्द फक्त सुराच्या चढावानं वेगळे आहेत, त्यामुळं बेचव भाजीवर मीठ मागताच म्हातारा प्रेमानं आपली चिलीम पुढं करतो. ओढा दोन झुरके. नाही म्हणायला लागणारे शब्द तुमच्याकडं अजून नाहीत.

आणि मग सकाळी वाडग्यात पिवळी पेज येते. बारीक दाणा, मऊ शिजलेला. एक घास आणि तुम्ही थबकता. हे राळे आहेत. भोगीला, गड्ड्याच्या जत्रेच्या ऐन तोंडावर, घरोघर शिजतो तो राळ्याचा भात. आपल्याकडं वर्षातून एकदा मानानं केला जातो, इथं रोज दोन वेळा, सैनिकाला तोच आणि सेनापतीला तोच. पहिल्या दिवशी तुम्हाला भरून येतं. दहाव्या दिवशी कंटाळा येतो. तिसाव्या दिवशी शेजाऱ्याच्या वाडग्यात आपल्यापेक्षा जास्त पडलं की काय, याकडं तुमचं लक्ष असतं. हा तिसावा दिवस महत्त्वाचा. कंटाळा ओलांडून हक्क सांगण्यापर्यंत माणूस आला की तो पाहुणा राहत नाही.

कोटणीस या काळात काय करताहेत? दिवसा दवाखाना, उरल्या वेळात चिनी. भिंतीपल्याडून तुम्हाला तेच चार शब्द चार सुरांत ऐकू येतात. ज्याच्या कानावर लहानपणापासून चार भाषांचा गलबला पडला, त्याला पाचवी चुकीची बोलायची लाज कमी वाटते असा आपला अंदाज. तुम्हीही शिका. दुभाष्याचा नाद सोडा. दुभाष्या नेहमी शुद्ध बोलतो, आणि रोगी कण्हताना शुद्ध बोलत नाही.

वर्ष संपत येतं. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी 1939 मध्येच मायदेशी परततात. चोळकर गेले म्हणजे मराठी बोलायला शेवटचं माणूस गेलं. यात कोणाची हार नाही. ठरलेलं काम करून, वा अंगानं साथ सोडली म्हणून, माणसं घरी जातात. पण आता पाचाचे तीन झालेत, आणि ‘एकच वर्ष’ संपून गेलंय.

अंधारातली रेल्वे: तिनाचा एक

1939 च्या नोव्हेंबरात अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडं निघतात. डिसेंबरात चू ते यांची गाठ पडते, ज्यांच्या मागणीवरून हे सगळं घडलं त्यांचीच. पुढं प्रकृतीमुळं अटलही परत जातात. दोन उरले.

आता शत्रूच्या ताब्यातले लोहमार्ग रात्री ओलांडायचे आहेत. अशा एका रात्री ओळीत तुम्हीही असा. सूचना सोप्या: बिडी नाही, बोलणं नाही, पुढच्याच्या पाठीवर बांधलेल्या पांढऱ्या फडक्यावर नजर. खेचरांच्या पाठीवर औषधांचे खोके. ते वाजू नयेत म्हणून कापूस कोंबलाय. तुम्ही दिवसभर स्वतःला बजावलंय, आणि नेमकं रुळांपासून शंभर पावलांवर घशात खवखव सुरू होते. तोंडात बाही कोंबा. सोलापूरच्या लसणीचा तो शिळा वास नाकात शिरतो आणि खोकला डोळ्यांतून पाणी होऊन बाहेर पडतो. पायाखाली खडी, मग गार रूळ, मग पुन्हा खडी. कुर्डुवाडी आठवते. तिथं रूळ ओलांडताना हमाल ओरडायचा, इथं कोणी कोणावर ओरडत नाही म्हणून जास्त भीती वाटते.

पलीकडं शान्शी आणि होपेइच्या डोंगरातला मुलूख. न्ये रुंगचन हे इथले सेनापती. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून इथंच काम करत होते. 12 नोव्हेंबर 1939 ला ते गेले. गोळीनं नव्हे. शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं. ही गोष्ट ऐकल्यावर आतापर्यंत हसण्यावारी नेलेले तुमचे सगळे फजितीचे प्रसंग जरा वेगळे दिसायला लागतात. इथं किरकोळ असं काही नसतं. कोटाचं बटण लावताना तुमच्या बोटात सुई जाते, रक्ताचा एकच थेंब, तुम्ही सवयीनं बोट तोंडात घालता, तर समोरची परिचारिका सतरा-अठरा वर्षांची पोर, ती झडप घालून हात ओढते, उकळलेल्या पाण्यानं धुते, फडकं बांधते आणि मग तुम्हाला अशी काही झापते की एकही शब्द न कळता सगळं कळतं.

बसू येनानला परततात. या मुलखात पाचातले आता एकटे कोटणीस. एकट्यानं निघायचं म्हणून कोणी निघालेलं नव्हतं, ही सोलो ट्रिप होत होत झाली.

गेगोंग

जानेवारी 1941 पासून ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख आहेत. तांग परगण्यातल्या गेगोंग या खेड्यात मुक्काम. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांच्या घरांतल्या खोल्या. जपान्यांची मोहीम सुरू झाली की अख्खं रुग्णालय स्ट्रेचरवर, खेचरांवर, माणसांच्या पाठीवर चढून डोंगरात जातं आणि मोहीम संपली की पुन्हा खाली उतरतं. असं घर मांडणं-मोडणं इतक्यांदा होतं की तुम्ही सामान सोडायचंच बंद करता. पहिल्या खेपेला तुमचा एक जोडा मागं राहिला होता. कापडी तळ शिवलेले जोडे इथं बाया रात्री बसून शिवतात. एक जोडा हरवणं म्हणजे कोणाच्यातरी चार रात्री हरवणं. ते तुम्हाला पुन्हा कोणी सांगावं लागत नाही.

बेथून वैद्यकीय शाळेतला त्यांचा तास चुकवू नका. अंगात जाड सुती गणवेश, वर्गात बसायला जमीन, आणि डॉक्टर चिनीतच शिकवताहेत. दुभाष्या नाही. पोरं मान खाली घालून लिहून घेताहेत. पाठ्यपुस्तक नाही, म्हणून तेही तेच लिहिताहेत, शस्त्रक्रियेचं, चिनी भाषेत. तीन वर्षांपूर्वी याच माणसाच्या कानाला हे सूर नवे होते. सैनिक त्यांना ‘लाओ के’ म्हणतात. जखमी पोरं ‘काळी आई’ म्हणतात.

गेगोंगमध्ये तुम्हाला एक मोठं स्वप्न पडतं: भाकरी. कारण भोवती ज्वारी उभी आहे. खरीच ज्वारी, इथं तिला ‘काओलियांग’ म्हणतात, माणसाच्या डोक्यावर जाणारी, लालसर कणसांची. मंगळवेढ्याची शाळू बघितलेल्या डोळ्याला हे धाटच ओळखू येतं. घरधनिणीकडून दोन मुठी पीठ मागून आणता. फळीवर थापायला घेता तर कडा फाटतात. पुन्हा मळता, पुन्हा फाटतात. पीठ भरड आहे आणि जुनंही, चिकटपणा नावाला नाही. मग आजीचं आठवतं: आधणाचं पाणी घाल. उकळतं पाणी ओतून, बोटं भाजून घेत मळता. आता गोळा धरतो. तळहाताएवढी, जाडसर, वेडीवाकडी एक भाकरी होते. लोखंडी तव्याऐवजी कढईच्या पाठीवर टाकता, एका बाजूनं करपते, दुसऱ्या बाजूनं कच्ची. दारात सहा पोरं गोळा झालीत. सहा तुकडे होतात, तुम्हाला सातवा. तुरट लागते. लाल ज्वारीला तो तुरटपणा असतोच. पोरं चावतात, एकमेकांकडं बघतात आणि शिष्टाचार म्हणून गिळतात.

सोलापूरची भाकरी इथं होणार नाही हे त्या दिवशी कळतं. वाईट वाटायला हवं, पण संध्याकाळी राळ्याची पेज समोर आली की तुम्ही निमूट, चवीनं पिता.

25 नोव्हेंबर 1941 ला डॉक्टरांचं लग्न आहे. वधू गुओ छिंगलान, शाळेत परिचर्या शिकवणाऱ्या. लग्नात मुंडावळ्या नाहीत, अक्षता नाहीत, चारचौघं आहेत आणि थट्टामस्करी आहे. 23 ऑगस्ट 1942 ला मुलगा होतो. नाव यिनहुआ: त्यातलं ‘यिन’ भारताचं, ‘हुआ’ चीनचं. नाव सेनापती न्ये यांनी दिलं.

पण ही वर्षं मोहिमांची आणि उपासमारीची आहेत. कोटणीसांना फिट येतात, मधूनमधून, आणि आता जवळजवळ. उपचारासाठी बाहेर जा असं वरून सांगणं आहे. ते जात नाहीत. त्यांच्या मनात काय होतं हे आपण आत शिरून सांगायला नको. बाहेरून दिसतं ते एवढं: पहिलं पुस्तक पुरं झालंय, दुसरं लिहिताहेत, वर्ग चालू आहे, खोलीत साडेतीन महिन्यांचं मूल आहे. माणूस कुठं ‘राहतो’ हे विचारायचंच कशाला. तो राहतोच आहे.

9 डिसेंबर 1942 च्या पहाटे, लागोपाठ आलेल्या फिटांनी ते गेले. वय 32. दुसरं पुस्तक अर्धं राहिलं.

तुमची मुदत इथं संपते.

परत सोलापूर

आज शीचियाचुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत कोटणीस आणि बेथून एकाच आवारात आहेत. त्याच शहरात कोटणीसांच्या नावानं वैद्यकीय शाळा आहे. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ 1946 मध्ये आला. यिनहुआ डॉक्टर होता होता 1967 मध्ये गेला. गुओ छिंगलान 2012 पर्यंत होत्या, भारतातही येऊन गेल्या. भैय्या चौकातलं घर आता स्मारक आहे. तिथं फोटो आहेत, तारखा आहेत. जाऊन या.

तारखांत एक गोष्ट सापडत नाही. 1 सप्टेंबर 1938 ला पाच जण गेले हा एक निर्णय होता, एका दिवसाचा, त्याला हार होते. पुढची चार वर्षं रोज सकाळी वाडगा समोर आल्यावर तोच निर्णय पुन्हा घ्यावा लागला, आणि त्या सकाळींना ना तारीख, ना हार. शौर्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण शौर्य रणांगणावर लागतं त्याआधी कांगवर लागतं, उवांच्या गोधडीत, चुकलेल्या सुरावर हसणाऱ्या पोरांसमोर, वडिलांचं दहावं होऊन गेल्यावर मिळालेल्या पत्रासमोर. तिथं जो टिकला तो पुढचं सगळं करू शकला.

तुम्ही घरी पोचता. लोक जमतात. कोणी युद्धाचं विचारतं, कोणी माओ त्से तुंग बघितले का म्हणून विचारतं. तुम्ही सांगायला घेता, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आजी विचारते, “ते सगळं असू दे की. खायला काय मिळत होतं रे तिकडं?”

बाकीचे हसतात. तुम्ही हसू नका. तिनं मुद्द्याचं विचारलंय. पाट ओढून बसा आणि राळ्यांपासून सुरू करा.